ही गाडी इथे थांबणार नाही

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. टेबलावर पडून राहील आणि कधीतरी तुझ्या हाताला लागेल. घरचा पत्ता तू दिलेला नाहीस, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर 'खाजगी' असं ठळक लिहिलंय, म्हणजे तुझ्याआधी चार जण तरी नक्की वाचतील.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून ठणठणीत आहे. मीही बरी आहे. स्टेशनवरच्या त्याच खोलीत, त्याच माइकपुढे बसते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, हे दिवसभर लोकांना सांगते आणि त्यांच्या शिव्या खाते, जणू काही गाड्या मीच उशिरा आणते.

बातमी अशी की तुझी सकाळची गाडी आता आपल्या स्टेशनावर थांबणार असं घाटतंय. लांब पल्ल्याची गाडी आपल्यासारख्या उपनगरात थांबणार म्हटल्यावर सगळा भाग हरखून गेलाय. फक्त मी सोडून.

तुला वाटेल, हिला काय झालं? सांगते. तू अधूनमधून कामासाठी त्या गाडीने शहरात येतोस, हे आम्हाला माहीत आहे. बातमीपत्राने सांगितलं. बातमीपत्र म्हणजे आपला न्हावी, लहानपणी ज्याने तुझे केस कापता कापता कानालाही कात्री लावली होती, तोच. आता तो मोठ्या स्टेशनातल्या सलूनमध्ये असतो. त्याने तुला त्या गाडीतून उतरताना पाहिलं आणि संध्याकाळी थेट आपल्या घरी येऊन आईच्या कानावर घातलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीतच आहे.

आई म्हणाली, "म्हणजे तो आपल्या दारावरून जातो?"

दारावरूनच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांब केला तर गाडीला लागेल, असं आपण लहानपणी म्हणायचो. तिचा चेहरा बघून मी पटकन बोलून गेले, "अगं, गाडी इथे थांबत नाही ना. थांबली असती तर उतरला नसता का?"

विचार करून बोलले नव्हते. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं आईने ते धरलं. तेव्हापासून रोज सकाळी त्या वेळेला ती खिडकीत उभी असते. विचारलं तर म्हणते, "हवा घेतेय." तिकडे स्टेशनवर मी माइकवर सांगते, "प्रवाशांनी कृपया फलाटाच्या कडेपासून दूर उभं राहावं. येणारी गाडी इथे थांबणार नाही." ते तिला खिडकीतून ऐकू येतं. गाडी भांडी हलवत निघून जाते. मग मी घरी आले की आई म्हणते, "काय करेल बिचारा."

बिचारा, बरं का! 'या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस' असं तिने ज्याला सांगितलं, तो. मी विसरलेले नाही. बाबांना हॉस्पिटलात हलवावं असं तू म्हणत होतास, ते घरीच राहतील असं ती म्हणत होती. ते घरीच गेले, आणि भरल्या घरात तू तिला म्हणालास, "तूच मारलंस त्यांना." त्यावर ती जे बोलली ते बोलली. दोघांपैकी एकानेही शब्द मागे घेतला नाही. एकाच पिठाचे दोन गोळे तुम्ही, आणि मधल्या मधे लाटलं जातंय ते मला.

गाडी थांबायला लागली तर मी तिला काय सांगू? तेवढं कळव.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पेटीत हात घालून बघते.

थांब्यासाठी सह्या गोळा करणं चालू आहे. पुढाकार औषधवाल्या काकांचा. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे, तू त्यांच्याकडून खोकल्याच्या गोळ्या गोड म्हणून खायचास. मी सही करत नाही म्हटल्यावर ते माझ्या खोलीत आले.

"पोरी, तू स्टेशनवरची. तुझीच सही नाही, हे बरं दिसतं का?"

मी म्हटलं, "फलाट आखूड आहे काका. मागचे डबे बाहेर राहतील. कुणी अंधारात खडीवर उतरायला गेलं तर?"

"गाडी सकाळी येते," ते म्हणाले. "अंधार कुठून आणलास?"

नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी काकूंचं सांगितलं. काकूंना एक आजार आहे, त्याचे उपचार इथे होत नाहीत, त्याच मार्गावरच्या एका गावी होतात. काकूंची बहीण तिथेच राहते, ती नेते-आणते आणि परतीच्या गाडीत बसवून देते. दुकान बंद ठेवून काकांना दर वेळी जाता येत नाही. उपचार झाले की काकूंना उभं राहवत नाही. अशा अवस्थेत त्या गाडीतून आपल्याच घरावरून पुढे जातात, मोठ्या स्टेशनात उतरतात, पूल चढतात आणि दुसऱ्या गाडीने परत इथे येतात. "घर दिसलं की रडते ती," काका म्हणाले. "मी गॅलरीत उभा असतो. हात हलवतो. दुसरं काय करणार?"

मी सही केली. एवढं ऐकून न करणारी मी कोण? पण सही करताना मला वाटत होतं की मी आपल्याच घराची कडी बाहेरून लावते आहे.

मग पाहणीला साहेब आले. मी शेवटचा प्रयत्न म्हणून त्यांनाही फलाट आखूड असल्याचं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "छान निरीक्षण आहे तुमचं. पुढच्या डब्यांतूनच उतरायचं, अशी सूचना तुम्ही माइकवरून देत चला." करायला गेले एक आणि झालं भलतंच.

धाकट्या, तू नुसता एकदा ये. भांडायला ये हवं तर.

ताई


२१ एप्रिल

प्रिय धाकट्या,

थांबा मंजूर झाला. सध्या सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक. या महिन्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा गाडी थांबली. फलाटावर बँडवाले होते, पेढे होते, एक पुढारी होता. इंजिनाच्या चालकाला लोक हार घालायला गेले तर तो दारात येईना. त्याला वाटलं काहीतरी आंदोलन आहे.

आई आली होती. ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून. मी विचारलं, "तू कशाला आलीस?" तर म्हणे, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." डॉक्टरांनी तिला जिने चढायला मनाई केली आहे, आणि फलाटावर यायला जिनाच चढावा लागतो.

माझ्या खोलीच्या काचेतून ती दिसत होती. मला वाक्य म्हणायचं होतं. इतकी वर्षं जे एक म्हणत आले त्याच्या उलटं. "येणारी गाडी फलाट दोनवर थांबेल." माझा आवाज फाटला. स्टेशनमास्तर म्हणाले, "भावनेच्या भरात का गं पोरी?" मी हो म्हटलं.

मोजकीच माणसं उतरली. काकूही उतरल्या. काकांनी चाकाची खुर्ची आणली होती, त्यांनी काकूंना डब्यातून अलगद उतरवून तिच्यात बसवलं. काकू लहान मुलीसारख्या इकडेतिकडे बघत होत्या. मला खरंच आनंद झाला, आणि त्याच वेळी आई गाडीच्या खिडक्या एकेक करून बघत होती. गाडी सुटली.

घरी येऊन ती म्हणाली, "पहिलाच दिवस ना. त्याला कळलं नसेल."

त्यानंतर हे रोजचंच झालं. कधी म्हणते, "या आठवड्यात काम नसेल त्याला." कधी म्हणते, "मागच्या डब्यात असेल, तिथे फलाटच नाही." काल म्हणाली, "झोप लागली असेल. लहानपणापासून झोपाळू." कारणं आता तीच शोधते, मला काही करावं लागत नाही. मी नुसती भाजी चिरत ऐकते.

पण कारणंही संपतात रे. डब्यातल्या पिठासारखी रोज थोडी थोडी कमी होताना मला दिसतात.

ताई


१४ जून

धाकट्या,

आज 'प्रिय' लिहवत नाही.

संध्याकाळी बातमीपत्र आला होता. आई दारातच बसली होती. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, पण डोळ्यांची भाषा कळली असती तर तो बातमीपत्र कसला. म्हणाला, "परवा धाकटे साहेब आले होते सलूनमध्ये. दाढी केली. तब्येत छान आहे. तुमची चौकशी करत होते. मला म्हणाले, आई रोज उभी असते का रे फलाटावर?"

आई म्हणाली, "असं विचारलं त्याने?"

"हो ना! म्हणाले, दर खेपेला दिसते."

हे सांगून त्याने चहा प्यायला आणि गेला. धाकट्या, म्हणजे तू बघत होतास. गाडी उभी होती, ती उभी होती, मध्ये एक काच होती, आणि तू बसून राहिलास. कदाचित उठून दारापर्यंत आलाही असशील. गाडी थांबते ती चिमूटभर वेळ, मला माहीत आहे. कदाचित तुझेही पाय उचलले नसतील. मी काही तुझ्या पोटात शिरून पाहिलेलं नाही. पण मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की हे लिहिताना दोनदा पेन आपटलं.

आई रडली नाही. तिने कपबशी उचलली, विसळली, पालथी घातली. मग मला म्हणाली, "उद्या तू पहिल्यासारखं म्हण."

"काय पहिल्यासारखं?"

"थांबणार नाही म्हण."

"आई, गाडी थांबते. मी म्हटल्याने काय होणार?"

"काही होऊ दे नाहीतर न होऊ दे. मी येत नाही उद्या फलाटावर. मला घरात बसून एकदा ते ऐकायचंय. एकदाच."

आपल्या आईने जन्मात कधी कुणाकडे काही मागितलेलं तुला आठवतं? मला नाही आठवत. मी काय करावं हे मला कळत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ताई


१७ जून

धाकट्या,

मी ते म्हटलं.

स्टेशनमास्तर खाली गेले होते. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "येणारी गाडी इथे थांबणार नाही." इतक्या वर्षांची सवय, जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, लोक थोडे गोंधळतील, गाडी थांबेल, लोक हसतील, मी 'चुकून झालं' म्हणेन. माझी अक्कल तेवढीच. आईच्या पलीकडे मला कुणी दिसतच नव्हतं. काका खुर्ची घेऊन उभे होते, काकू त्याच गाडीने यायच्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि ते घाबरले. आज थांबा रद्द झाला, आता ती एकटी मोठ्या स्टेशनात जाणार, तिला पूल चढवणार कोण? खुर्ची तिथेच टाकून ते जिना उतरून रिक्षाकडे धावले, तिच्याआधी तिकडे पोचावं म्हणून.

गाडी आली आणि थांबली. थांबायचीच होती. मी काचेतून पाहिलं. काकू दाराला धरून उभ्या होत्या आणि काकांना शोधत होत्या. फलाटावर रिकामी खुर्ची. मी माइक टाकून धावले. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी एकटीनेच पाय खाली टाकला होता. त्या पडल्या. मनगट मोडलं.

त्या मला बोलल्या नाहीत. काका परत आल्यावर त्यांना सगळं कळलं, तेही ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, तुझ्या आवाजावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो गं." त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आले तेव्हा आई खिडकीत बसून होती. चेहरा शांत. म्हणाली, "ऐकलं मी. छान म्हणालीस." मग मी तिला काकूंचं सांगितलं. तिचा हात पदरातच अडकल्यासारखा झाला.

ताई


८ जुलै

धाकट्या,

मला कामावरून काढलेलं नाही. स्टेशनमास्तरांनी रदबदली केली. पण माइक गेला. वरून एक यंत्र आलं आहे. त्यात सगळ्या सूचना आधीच भरून ठेवायच्या, गाडी आली की ते आपोआप बोलतं. आवाज मात्र माझाच घेतला, कारण लोकांच्या कानाला सवय आहे म्हणे. एका बंद खोलीत बसवून माझ्याकडून सगळी वाक्यं वदवून घेतली. "येणारी गाडी फलाट दोनवर थांबेल" हे तीनदा म्हणायला लावलं, कारण दोनदा मी नीट म्हटलं नाही. स्टेशनमास्तर म्हणाले, "आवाज तुझाच राहील. चूक करायची सोय तेवढी राहणार नाही." ते विनोद करत होते. मी हसले.

आता मी चौकशीच्या खिडकीत बसते. माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून मीच बोलत असते आणि लोक खिडकीत वाकून मला विचारतात, "बाई, आता काय सांगितलं हो?"

आणखी एक. आई काकूंना बघायला गेली होती. माझ्यासोबत नाही, एकटी. "पोरीने केलं ते माझ्यामुळे" असं तिने त्यांना स्वतः सांगितलं. आपल्या आईने. मला काकांकडून कळलं, म्हणून विश्वास बसला.

काकू तिच्यावर रागावल्या नाहीत. दोघी पुष्कळ वेळ बोलत बसल्या. संध्याकाळी आई घरी आली. जेवताना अचानक म्हणाली, "तिला विचारलं मी. घरावरून गाडी जायची तेव्हा काय वाटायचं म्हणून."

"मग?"

"म्हणाली, तो हात हलवायचा ते दिसायचं. पण हात तर कुणीही कुणालाही हलवतं. वाटायचं, एकदा नाव घेऊन हाक मारावी त्याने. मग चालत्या गाडीतून उडी मारली असती, म्हणाली." आईने घास ताटात परत ठेवला. "मी नुसती उभी राहते गं. मी त्याला हाक कुठे मारली? येऊ नकोस म्हटलेलं त्याने ऐकलंय. ये म्हटलेलं कधी ऐकलंच नाही."

धाकट्या, मी तेव्हा रडले. भाताच्या ताटावर.

ती म्हणाली, "उद्या तू माइकवर सांग त्याला. आई म्हणते, उतर म्हणावं. दार उघडं आहे म्हणावं."

मी म्हटलं, "आई, माइक राहिला नाही आता माझ्याकडे. मी पत्रात लिहिते."

"पत्रं तू कधीची लिहितेस. त्याने वाचलं असतं तर असा बसून राहिला असता का? माइकवरचं कानावर पडतं."

"आता ते यंत्र बोलतं, आई."

"मग यंत्राला सांग."

कसं समजावू तिला? तिला वाटतं, माझा आवाज आहे म्हणजे माझं ऐकत असेल.

ताई


२६ जुलै

प्रिय धाकट्या,

ती आता स्वतःच हाक मारते.

गाडी थांबली की पहिल्या डब्यापासून निघते. तुला ती घरात जे म्हणायची त्याच नावाने, मोठ्याने. माणसं बघतात, तिला लाज वाटत नाही. आपली आई, जी शेजारणीसमोर आपल्याला मोठ्याने हाक मारू द्यायची नाही. प्रत्येक खिडकीपाशी थांबते, काचेवर हात ठेवते, हाक मारते, पुढच्या खिडकीकडे जाते. काचा काळ्या आहेत, आतलं काही दिसत नाही. आतल्यांना बाहेरचं ऐकू येतं का, तेही मला माहीत नाही. मी स्टेशनमास्तरांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. आणि नेमकं त्याच वेळी वर माझा आवाज सुरू होतो. फलाट दोनवर उभी असलेली गाडी, पुढच्या डब्यांतूनच उतरावं, कडेपासून दूर राहावं. तिची हाक त्याच्याखाली दबून जाते. चौकशीची खिडकी सोडून मी धावत जाऊन तिच्या बरोबरीने हाका मारल्या. माझा घसा माझ्याच आवाजापुढे पुरा पडला नाही. यंत्राला थोडा वेळ गप्प ठेवा अशी विनंती केली, तर स्टेशनमास्तर म्हणाले, तसं बटण इथे नाही, मुख्य कचेरीत आहे.

काका येतात कधी कधी तिच्यासोबत, तिचा दंड धरून चालतात. तिसऱ्या-चौथ्या डब्यापर्यंत पोचते, तेवढ्यात गाडी सुटते.

कालच, सहा महिने व्हायच्या आधीच, थांबा कायमचा झाल्याचं पत्र आलं. सगळ्यांना आनंद आहे, आणि कुणाचं काही चुकलेलं नाही.

तुला उतर म्हणत नाही. ते ती म्हणते आहे. मी दुसरंच मागते. तू कुठल्या डब्यात बसतोस तेवढं कळव. सहीसुद्धा करू नकोस, नुसता डबा लिही. गाडी फार लांब आहे रे, आणि आईला आता धावता येत नाही.

ताई